वनविहार आणि मधुपान

महाकाव्यांत काय काय असावें याची जी यादी दंडीनें आपल्या 'काव्यादर्शां'त दिली आहे, तींत नगर, समुद्र, पर्वत, ऋतु, चंद्रोदय व सूर्योदय यांच्या मागोमाग उद्यानक्रीडा, जलक्रीडा आणि मधुपान यांचीं नांवें येतात. मराठी वाङ्मयानें या यादींतील बहुतेक विषय वारसाहक्कानें घेतले. पंडित कवींनीं नगरें वर्णिलीं, अर्वाचीन कवींनीं ऋतूंचा आणि चंद्रोदयाचा पिच्छा पुरविला, आणि पर्वतांचें तर आमच्या गद्यावर मोठेंच ऋण आहे. मधुपान तेवढें मागें राहिलें. जेथें तें आलें, तेथें एक तर नरकाचें दार म्हणून आलें, नाहीं तर परदेशांतून आणलेल्या सुरईंतून आलें. डोंगर चढून थकलेला साधा मनुष्य, झाडाची सावली, आणि थंडगार, किंचित् आंबूस असें पेय, एवढेंच सुख एखाद्या मराठी लेखकानें न लाजतां व न मिरवितां सांगितलें आहे, असें उदाहरण शोधूं गेल्यास फार भटकावें लागतें.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. साष्टीच्या डोंगराळ भागांत, एका बाजूस बोरिवली व दुसऱ्या बाजूस मुलुंड यांच्या मध्यें, सुमारें शंभर चौरस किलोमीटरांचें अरण्य अजून उभें आहे. मुंबईच्या उपनगरांतील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं पाठीवर पिशव्या टाकून कान्हेरीकडे अथवा आसपासच्या टेंकड्यांकडे निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांतील कांहींजणांच्या पिशवींत पाण्याबरोबर दुसरीही एक थंड बाटली असते, हें उघड गुपित आहे. आणि ती बाटली रिकामी झाल्यावर ओढ्याकांठच्या पाचोळ्यांत फुटून पडलेली असते, हें तर गुपितही नाहीं. घरीं हा विषय निघत नाहीं. पुस्तकांत निघतो तो प्रवचनासाठीं किंवा फुशारकीसाठीं. ज्या सुखाविषयीं समाजाला नीट बोलतां येत नाहीं, त्याची मर्यादाही समाजाला नीट ठरवितां येत नाहीं. म्हणून हा प्रश्न आम्ही वाङ्मयाचा समजतों, आणि वाङ्मयाच्याच बाजूनें त्याचा विचार करूं इच्छितों.

प्रथम पूर्वसूरींकडे वळूं. रामायणाच्या सुंदरकांडांत सीतेचा शोध लावून परतलेले वानर सुग्रीवाच्या मधुवनांत शिरतात. अंगद अनुज्ञा देतो, आणि मग जो गोंधळ उडतो तो वाल्मीकीनें मोठ्या कौतुकानें सांगितला आहे: कोणी गातो, कोणी नाचतो, कोणी उगीच हसतो, कोणी झाडाखालीं लवंडतो. वनाचा रक्षक दधिमुख मार खाऊन सुग्रीवाकडे गाऱ्हाणें घेऊन जातो. खरी गंमत पुढेंच आहे. सुग्रीव रागावत नाहीं. ज्या अर्थीं वानरांनीं एवढें धारिष्ट केलें, त्या अर्थीं काम फत्ते झालें असलें पाहिजे, असें तो ताडतो. कथेच्या दृष्टीनें हें मधुपान म्हणजे सिद्धीचें पहिलें वर्तमान होय. समुद्र ओलांडून हनुमान आला नसता, तर मधुवनाचें दार वानरांस उघडलें नसतें. कवीनें मधु ठेविला आहे तो श्रमाच्या पलीकडच्या तीरावर. आणि दधिमुखाची दुखरी पाठही त्यानें वाचकापासून लपविलेली नाहीं.

कालिदासाची दृष्टि निराळी. रघूचें सैन्य कलिंगदेशांत महेंद्रपर्वतापाशीं विजय मिळवितें, तेव्हां योद्धे तांबूलवेलीच्या पानांची पानभूमि रचून नारळाचें आसव पितात. तेंच सैन्य पुढें पारसिकांच्या देशांत पोंचतें, तेव्हां द्राक्षांच्या मळ्यांत मृगाजिनें अंथरून द्राक्षाचें मद्य घेतें. पूर्वेकडे माड आणि पश्चिमेकडे द्राक्ष: दोन श्लोकांत दोन देश डोळ्यांपुढें उभे राहतात. सैनिक काय प्याले हें सांगतांना कवीनें ते कोठें होते हें सांगून टाकलें. उत्तम वर्णनाची ही खूण आहे. पेय हें त्या भूमीचें असावें, तिच्या झाडांतून आणि हवेंतून आलेलें असावें, तरच तें काव्यांत जिवंत राहतें.

अर्थात् सगळेंच संस्कृत काव्य या कसोटीस उतरत नाहीं. माघाच्या 'शिशुपालवधां'त कृष्णाचें सैन्य रैवतकावर उतरतें, आणि मग पर्वत, वनविहार, जलक्रीडा, सायंकाळ व मधुपान असे सर्गामागून सर्ग जातात. शिशुपाल नांवाचा कोणी होता याची वाचकास आठवणही राहत नाहीं. तेथें मद्य हें कोणाची तहान भागविण्यासाठीं नसून सुंदरींच्या डोळ्यांत लाली आणण्यासाठीं आहे. दंडीची यादी येथें आज्ञापत्र होऊन बसली. तेव्हां जुन्यांचा वारसा म्हणून आम्ही जो मागतों, तो वाल्मीकि-कालिदासांचा, माघाचा नव्हे. श्रमामागून येणें आणि स्वभूमीचें असणें, हे दोन गुण त्यांतून घेऊन आपल्या मराठी पेल्याकडे पाहूं.

मराठींत पेला म्हटला कीं एकच आठवतो. राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें; आणि तेव्हांपासून सुधाकर, सिंधू व तळीराम हीं मराठी घरांतलींच माणसें झालीं. या नाटकाचें सामर्थ्य आम्ही कमी लेखीत नाहीं. मद्याच्या नाशकारकतेवर याहून प्रभावी असें मराठींत दुसरें कांहीं झालें नाहीं. 'आर्यमदिरामंडळा'च्या प्रवेशांत सुशिक्षितांच्या व्यसनसमर्थनाचें जें विडंबन आहे, तें आजही बोंचतें. परंतु एक गोष्ट आजपर्यंत फारशी कोणीं लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. या सबंध नाटकांत तहान कोणालाच लागलेली नाहीं. सुधाकर प्याला उचलतो तो दुखावलेल्या अभिमानापायीं. तळीरामास तर कारणाचीच गरज उरलेली नाहीं. त्या प्याल्यांत काय होतें, तें कोणत्या झाडाचें वा धान्याचें, तें कडू होतें कीं गोड, यांतलें कांहींच प्रेक्षकास कळत नाहीं, आणि कळण्याची जरूरही नाहीं. कारण तो प्याला पदार्थ नसून प्रारब्ध आहे. शोकांतिकेस हें शोभतें. मात्र त्याचा परिणाम असा झाला कीं, पुढील कित्येक पिढ्यांच्या मध्यमवर्गीय मनांत पहिला घोट आणि सिंधूचें मरण यांच्या मध्यें दुसरी पायरीच राहिली नाहीं. ज्या तरुणानें एक घोट घेतला आणि दुसऱ्या दिवशीं आपलें घर जागच्या जागीं असलेलें पाहिलें, त्याचा त्या नाटकावरील विश्वास उडाला. आणि नाटकांतला खरा इशाराही त्यानें त्याबरोबरच टाकून दिला. अतिशयोक्तीला ही किंमत नेहमींच द्यावी लागते.

दुसरा पेला माधव ज्यूलियनांचा. फार्सीचे हे व्यासंगी प्राध्यापक. त्यांनीं १९२९ सालीं उमर खय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या, आणि १९३१ सालीं 'द्राक्षकन्या' प्रसिद्ध केली. १८५९ सालीं फिट्झजेरल्डनें इंग्रजींत खय्याम आणल्यापासून जगभरच्या सुशिक्षितांच्या मनांत एक चित्र कोरलें गेलें आहे: वृक्षाची छाया, थोडी भाकरी, काव्याचें एक पुस्तक, सुरई आणि सोबत. वनविहारांतील मधुपानाचें याहून सुटसुटीत चित्र कोणत्याही भाषेंत नसेल. माधवरावांनीं हें जग मराठी छंदांत मोठ्या नादमाधुर्यानें उतरविलें, याबद्दल मराठी कविता त्यांची ऋणी आहे. पण या कवितेचा मराठी जीवनाशीं सांधा कोठें जुळतो हें पाहूं गेल्यास हंसूं येतें. ज्या रविकिरण मंडळाचे ते आघाडीचे कवि, त्या मंडळाची बैठक रविवारच्या चहाभोंवतीं भरत असे. मदिरेचीं गाणीं चहाच्या पेल्यावर रचलीं गेलीं! यांत ढोंग होतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; कवीनें जें गावें तें प्यालेंच पाहिजे असा नियम नाहीं. आमची तक्रार एवढीच कीं, ती सुरई निशापूरची राहिली. ती छाया कोणत्या झाडाची, हें मराठी वाचकास कधीं कळलें नाहीं. निशापुरांत झाड सावली देतें आणि वेल मद्य देते. साष्टींत तर जें झाड वर आकाशाला टेंकलेलें आहे, तेंच पेयही देतें. मात्र त्याकडे मान वर करून पाहावयास कोणी कवि आला नाहीं.

आतां त्या झाडाकडेच येऊं. अंधेरी, मालाड, बोरिवली, गोराई या पट्ट्यांत एके काळीं ताड, माड आणि शिंदी यांच्या रांगा होत्या, व कांहीं ठिकाणीं अजून आहेत. ताडाचा रस ती ताडी, माडाचा रस ती माडी, आणि शिंदीचा रस ती शिंदीच. हे रस काढणें हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. ताडा-माडाच्या फुलोऱ्याचा कोंब बांधावयाचा, त्याचें टोंक दररोज धारदार कोयत्यानें पातळसें तासावयाचें, खालीं मडकें अडकवावयाचें, आणि सकाळ-संध्याकाळ साठ-सत्तर फूट उंचीवर चढून तें उतरवावयाचें. रात्रभर झिरपलेला रस पहांटे थंड, गोड आणि निर्मद असतो; ती नीरा. मडक्यास आंतून चुना लावला तर ती कांहीं वेळ तशीच टिकते. ऊन चढूं लागलें कीं हवेंतील व मडक्यांतील किण्वांचें काम सुरू होतें, गोडी कमी होते, फेस येतो, आंबूसपणा वाढतो. दुपारपर्यंत तीच ताडी होते आणि पुढें तिचा शिरका होतो. जें पेय सकाळीं बालकास द्यावें, तेंच संध्याकाळीं बापास सांभाळून घ्यावें लागतें. एका झाडाच्या एका मडक्यांत एका दिवसाच्या अवधींत निष्पापपणा, मौज आणि आंबटपणा या तिन्ही अवस्था क्रमानें याव्यात, याहून कवीला आयता विषय तो कोणता मिळावयाचा? पण आमच्या वाङ्मयांत पिणारा सर्वत्र आहे, चढणारा क्वचितच. गिर्यारोहणाची एवढी हौस असलेल्या मराठी लेखकास, रोज दोन वेळां पोटासाठीं आरोहण करणारा हा मनुष्य दिसूं नये, हें नवल आहे.

वाङ्मयाला जो दिसला नाहीं, तो सरकारला मात्र बरोबर दिसला. १८७८ च्या अबकारी कायद्यानें ताडीच्या झाडांवरील कर व परवाने यांचा फांस आवळला. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानें फुलांचा सांठा व विक्री यांवर बंधनें आलीं, आणि ठाणें-कुलाब्याच्या अरण्यांतील माणसांच्या घरच्या भांड्यावरही पहारा बसला. आदिवासींच्या देवकार्यांत व लग्नांत ज्या पेयाला मान होता, तें चोरीचा माल ठरलें. पुढें १९३९ च्या ऑगस्टांत मुंबईंत दारूबंदी पुकारली गेली, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यान्वये महाराष्ट्रांत मद्यपानासाठीं आजही कागदोपत्रीं परवाना लागतो. या बंदीमागील हेतु थोर होता, हें आम्ही मानतों. गिरणगांवांतील कामगाराचा पगार गुत्त्यांत जात होता, आणि त्याच्या बायकोचे अश्रू खरे होते. पण बंदीनें सौम्य पेय आणि जहाल पेय यांत भेद केला नाहीं. झाडावरचें मडकें लपवितां येत नाहीं. चोरटी भट्टी लपवितां येते. म्हणून मडकें गेलें आणि भट्टी राहिली. विक्रोळींत २००४ सालीं आणि मालाडच्या मालवणींत २०१५ सालीं विषारी दारूनें जे बळी घेतले, ते याच उपनगरांतले. मालवणींत शंभरावर माणसें मेलीं. त्या दारूंत मिथिल अल्कोहोल होतें, आणि पिणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. सुधाकराच्या मरणावर तीन पिढ्या रडलेल्या समाजानें या शंभरांवर एकही नाटक लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत, ज्याचें शील ठाऊक आहे अशासच थोडें माप बाहेर नेऊं द्यावें आणि पानगृहें ऋतूस सुखकर असावींत, असें सांगितलें आहे. त्या कठोर अर्थशास्त्रज्ञालाही मनुष्य पिणारच हें गृहीत धरावें लागलें, आणि म्हणून त्यानें मापाचा व शीलाचा विचार केला.

येथवर वाचून आम्ही डोंगरावरील मद्यपानाची वकिली करीत आहों असें कोणास वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आणि ती बाजू त्याच डोंगरावर दगडांत कोरलेली आहे. कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांत शतकानुशतकें भिक्षु राहिले. मद्यापासून विरति हें त्यांचें पांचवें शील. त्या नियमाची जी कथा विनयपिटकांत आहे, ती मोठी मनोरम आहे. सागत नांवाच्या थेरानें एका उग्र नागास आपल्या ऋद्धिबळानें नमविलें. कौशांबीच्या लोकांनीं कौतुकानें घरोघरीं त्यास उंची मद्य दिलें, आणि तो वेशींतच कोसळला. इतर भिक्षूंनीं उचलून आणून निजविल्यावर त्याचे पाय नेमके बुद्धाकडे झाले. तेव्हां बुद्धानें एवढेंच विचारलें कीं, ज्यानें नागास जिंकलें, तो आतां पाण्यांतल्या दिवडास तरी जिंकूं शकेल काय? या प्रश्नांत शाप नाहीं, नरक नाहीं. बलवानाचें बळ गेलें याची खंत आहे. मद्यनिषेधाचें इतकें सभ्य आणि इतकें अचूक वाक्य मराठी नाटककारास सुचलें असतें तर फार बरें झालें असतें.

आणि त्या भिक्षूंचें थंड पेय कोणतें? लेण्यालेण्याजवळ कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. तेथील शिलालेखांत त्यांस 'पोढी' म्हटलें आहे, आणि कोणी कोणती पोढी दान दिली याची नोंद आहे. पावसाचें पाणी छतावरील पन्हळींतून तेथें उतरतें आणि सांठून राहतें. डोंगर चढून आलेल्या अनोळखी माणसाची तहान आपल्या मागें शेंकडों वर्षें भागावी, म्हणून ज्यानें कातळ खोदविला, त्या दात्याला वनविहाराचें मर्म आमच्यापेक्षां अधिक कळलें होतें. वैद्यकही त्याच्याच बाजूचें आहे. मद्य थंड केलें तरी तें शरीरास थंड करीत नाहीं. त्यानें त्वचेच्या रक्तवाहिन्या फुगतात व क्षणभर बरें वाटतें, परंतु मूत्रावाटें पाणी अधिक जातें, आणि पावलाचा अंदाज चुकतो. पावसाळ्यांत शेवाळलेल्या काळ्या कातळावर चुकलेलें पाऊल परत घेतां येत नाहीं. राष्ट्रीय उद्यानांत मद्य नेण्यास मनाई आहे ती उगाच नव्हे; तें घर बिबट्यांचें आणि हरणांचें आहे, आणि फुटलेली कांच पाचोळ्याखालीं वर्षानुवर्षें तशीच राहते. गो. नी. दांडेकरांनीं गडकिल्ल्यांचें भ्रमण मराठी गद्यांत आणलें तें गडास तीर्थ मानून. तीर्थावर मद्याचा विचारही शिवला नाहीं, हें त्या भक्तीस साजेसेंच झालें.

मग आमचें मागणें काय? वर्णनाची मोकळीक आणि आचरणाची शिफारस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढें भान लेखकानें व वाचकानें ठेवावें. वाल्मीकीनें मधुवन वर्णिलें म्हणून कोणी दधिमुखास मारीत सुटला नाहीं. आमच्या तरुण लेखकांपैकीं कोणी हा पेला हातीं घेणार असेल, तर त्यानें गडकऱ्यांचा गडगडाट आणि खय्यामची सुरई या दोन्ही गोष्टी बाजूस ठेवाव्या. झाडाचें नांव सांगावें. घटका सांगावी, कारण सकाळची नीरा आणि संध्याकाळची ताडी एक नव्हे. वर चढणाऱ्याचा घाम सांगावा. मालवणीचीं प्रेतें विसरूं नयेत. उतारावर आपले पाय कसे पडले तेंही प्रामाणिकपणें लिहावें. असें एखादें पान कोणीं लिहिलें, तर घरांतल्या वडिलांना मुलाच्या पिशवीविषयीं चार शब्द ओरडल्यावांचून बोलतां येतील, आणि मुलालाही तीं मान खालीं न घालतां ऐकतां येतील.

कालिदासाच्या सैनिकांची पानभूमि वेलीच्या पानांची होती, आणि भंडाऱ्याचें मडकें मातीचें. दोन्ही वापरून टाकलीं तरी भूमीची भूमीस मिळतात. कान्हेरीच्या वाटेवरच्या बाटलीस तें साधत नाहीं. जो कोणी या विषयावर लिहील, त्यानें आपलें पान मडक्याच्या जातीचें करावें.